सुतकातलं गाणं

त्या गाण्यात ड्रम का नाहीत, हे मला आजवर पुष्कळांनी विचारलं आणि दर वेळी मी खोटं सांगितलं. खरं कारण पुरतं कुणालाच ठाऊक नाही, बायकोलाही नाही. ते गाणं मी सुतकात रेकॉर्ड केलं. थोरले काका जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि ड्रम त्यांच्याच घरात होते, म्हणून गाण्यात ड्रम नाहीत. कारण इतकंच आहे. पण ज्याचे ते ड्रम, त्या माझ्या चुलतभावाला मी भलतंच कारण सांगितलं, आणि तेव्हापासून त्या माणसानं वाजवणं सोडलं ते सोडलंच. ते कसं झालं हे लिहायचं तर आधी आमच्या कांद्याच्या शेडपासून सुरुवात करायला हवी.

आमच्या बेटावरच्या रिव्हिएर दू रांपार या गावात आमची दोन घरं एकाच लाकूरमध्ये होती. अंगणाला आमच्याकडे लाकूरच म्हणतात. एका घरात आम्ही, दुसऱ्यात थोरले काका, काकी आणि त्यांचा मुलगा, तोच तो चुलतभाऊ, माझा दादा. दादा माझ्याहून तीन पावसाळे मोठा. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून, रोज सकाळच्या बसनं राजधानीत, पोर्ट लुईला जाणारे, इस्त्रीची पँट आणि बगलेत छत्री. काका मात्र मातीतले. टोमॅटो, वांगी, कांदे. मागच्या बाजूला थोडा ऊस. त्यांची पत्र्याची शेड होती, तिथे कांदा पसरून वाळत घातलेला असे. आमचा बँड त्या शेडमध्ये जन्माला आला. आजही कुठे वाळत्या कांद्याचा वास आला की माझी डाव्या हाताची बोटं आपोआप तारा धरल्यासारखी वाकतात.

आम्ही चौघं. गिटार माझी. ड्रमवर दादा. गाणारा होता ब्रीझे वेर्दिएर गावचा एक क्रेओल मुलगा, दर रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गाणारा. त्याचा आवाज असा की भांडला तरी ऐकत राहावंसं वाटे. आणि बेस गिटार वाजवायला लालमतीचा एक भोजपुरी बोलणारा मित्र, ज्याच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. केस सगळ्यांचे मानेपर्यंत. पँटी अशा की चालताना रस्ता झाडला जाई. मराठी, क्रेओल, भोजपुरी, सगळ्याची खिचडी करून आम्ही बोलायचो आणि आरडाओरडा करून वाजवायचो.

काका संध्याकाळी मळ्यातून येत, दारात उभे राहत आणि पायातला चिखल काढता काढता म्हणत, "आयो, कांदं नासतील रं माझं तुमच्या आवाजानं!"

"नासणार नाय, बाबा," दादा ड्रममागून ओरडे. "आवाजानं वाळतात लवकर."

"मग असं करा, उद्या वांग्यात जाऊन वाजवा. किडा तरी पळंल."

पण शेडमधून हाकलून त्यांनी आम्हाला कधी दिलं नाही. उलट एकदा वादळ येणार म्हणून रेडिओनं इशारा दिला, तेव्हा त्यांनी आधी कांद्याचं पोतं आत न घेता दादाचा मोठा ढोल उचलून घराच्या पुढच्या खोलीत नेला. काकी त्यावरून त्यांना किती तरी दिवस बोलत होती. "पोतं भिजलं, ढोल कोरडा. काय शिजवू, ढोल?" त्या दिवसापासून ड्रम पुढच्या खोलीतच राहायला लागले. तालमीला आम्ही ते शेडमध्ये आणायचो आणि परत नेऊन ठेवायचो. गिटारी आणि अँप्लिफायरही त्यांच्या शेजारी.

दादाच्या हाताबद्दल सांगायला हवं. आमच्या लोकांत गणेश चतुर्थीला झाकरी नाचतात. कोकणात जिला जाखडी म्हणतात तीच, आजा-पणजांनी जहाजातून आणलेली. मधे ढोलकी आणि झांज घेऊन बसणारे, भोवती पायात चाळ बांधून फिरणारे. दादा लहानपणापासून त्या गोलाच्या मधोमध बसत आलेला. ढोलकी त्याला कुणी शिकवली नाही. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत बघत शिकला. ड्रमवर बसला तरी तो बघायचा पायांकडेच. फॅन्सी फेअरमध्ये, म्हणजे इथल्या जत्रेत, आम्ही वाजवत असू तेव्हा तो समोर नाचणाऱ्या पोरींच्या पायांकडे बघे आणि आम्ही त्याला चिडवत असू. तो म्हणे, "तुम्ही तोंडं बघा. मला काम आहे."

ते गाणं मी बसमध्ये रचलं. नोकरी मलाही वडिलांसारखीच कचेरीत लागली होती. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, उसाच्या तुऱ्यांवरून ऊन उतरताना, एक ओळ आली आणि गावापर्यंत येता येता कडवं झालं. क्रेओलमध्ये होतं. एक बाई रोज शेवटच्या बसची वाट बघते आणि त्या बसमधून कुणी उतरत नाही, इतकंच त्यात. चाल मात्र जमेना. घरी येऊन दादाला म्हणून दाखवलं. तो खाटेवर पडला होता. पडल्या पडल्या त्यानं मांडीवर एक ठेका धरला: झाकरीतला, पाऊल पुढे टाकून अर्धं मागे घेतात तो. माझी ओळ त्यावर अशी जाऊन बसली की जणू तिथेच बसायला निघाली होती.

"हे गाणं आता चालतंय बघ," तो म्हणाला. "आधी ते उभंच होतं."

शेडमध्ये आम्ही ते मोठ्या आवाजात बसवलं. सुरुवात एकट्या ड्रमची, मग बेस, मग मी. लालमतीच्या एका लग्नात वाजवलं तर म्हातारी माणसंसुद्धा खुर्चीत पाय हलवायला लागली. पुढे एका फॅन्सी फेअरमध्ये ते पोर्ट लुईच्या एका स्टुडिओवाल्यानं ऐकलं. तो गाणं संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, हे मी तबकडीवर काढीन, खर्च माझा, वेळ मिळाली की कळवतो. आम्ही चौघं त्या दिवशी बस सोडून चालत घरी आलो. गाणारा वाटभर लोकांच्या कुंपणांपुढे थांबून वाकून नमस्कार करत होता, कुत्री भुंकत होती, आणि दादा दोन काटक्यांनी प्रत्येक दुधाच्या डब्यावर, फाटकावर, विजेच्या खांबावर ठेका वाजवत चालला होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात हलका दिवस असावा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काका गेले. मळ्यात पाणी देताना बसले आणि उठले नाहीत.

आमच्याकडे सुतक कडक. इथे बोली बदलली, पोरं क्रेओलमध्ये भांडायला लागली, पण जन्म-मरणाचे नियम आजा-पणजांनी जसे आणले तसेच बांधून ठेवलेले. भावकीतल्या सगळ्या पुरुषांना दहा दिवस दाढी नाही, देवाला हात नाही, तळण नाही, आणि गाणं-बजावणं तेराव्यापर्यंत अजिबात नाही. रेडिओचा ट्रान्झिस्टर काकीनं टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवला. ड्रम आणि गिटारी ठेवलेल्या पुढच्या खोलीतच काकांच्या नावाचा दिवा जळत होता. त्या सगळ्या सामानावर पांढरी चादर घातली होती आणि खोलीत कुणी वर आवाज करून बोलतही नव्हतं.

नेमका तेव्हा स्टुडिओवाल्याचा निरोप आला. कचेरीत माझ्या टेबलावर. एका गटानं वेळ सोडली होती. परवा सकाळी या.

मी घरी येऊन दादाला सांगितलं. तो मागच्या पायरीवर बसला होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यानं माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"तेराव्यानंतर जाऊ," तो म्हणाला. "बाबा गेलेत रं."

"हो, तेच. मी फोन करून सांगतो."

"सांग त्याला, नीट सांग. म्हणावं, आमच्यात असं असतं. समजंल तो."

कोपऱ्यावरच्या लाबुतिकमध्ये, आमच्या किराणा दुकानात, फोन होता. मी तिथून फोन लावला. स्टुडिओवाल्याला मी खरंच सांगितलं, घरात मरण झालंय म्हणून. त्याला वाईट वाटलं, तसं तो बोललाही. मग म्हणाला, "परवा नाही जमलं तर एकदम नववर्षानंतर बघू. आता वर्षअखेरीला सेगाची नाचगाणी करणारे सगळे येणार, जागा नाही." मी रिसीव्हर कानाला धरून उभा होतो. समोर बरणीत गोळ्या होत्या, दुकानदाराची बायको तांदूळ निवडत होती. नववर्षानंतर तो माणूस आम्हाला विसरणार याची मला खात्री होती. मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि मला आयुष्यात कचेरीखेरीज काही तरी हवं होतं. मी म्हणालो, "येतो परवा."

परत येऊन दादाला सांगितलं, "पुढे ढकललं."

"कोरेक," तो म्हणाला. म्हणजे ठीक. आणि माझा हात दाबला.

तो सुट्टीचा दिवस होता, म्हणून त्या सकाळी मी घरी सांगितलं की साहेबानं कचेरीत बोलावलंय. गिटार नेता येणं शक्यच नव्हतं. चादर उचलायची कुणाची छाती? गाणाऱ्याला आधीच निरोप दिला होता, त्यानं चर्चमधली साधी लाकडी गिटार मागून आणली. बेसवाल्याकडे काहीच नव्हतं. दोघंही काकांच्या अंत्ययात्रेला आले होते, त्यामुळे स्टुडिओच्या जिन्यात त्यांनी साहजिकच विचारलं, दादा कुठे?

"तो येऊ शकत नाही. म्हणाला, तुम्ही करून टाका."

"खरंच म्हणाला?" गाणाऱ्यानं विचारलं.

"खरंच."

ते दोघं माझ्यावर विश्वास ठेवून पुढे गेले. म्हणून पुढे कधी त्यांनी हा विषय दादाकडे काढला नाही. त्यांच्या मते तो दादाचा मोठेपणा होता, आणि मोठेपणाची आठवण कुणी करून देत नाही.

स्टुडिओ एका कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. स्टुडिओवाल्याला सुतकातली दाढी ठाऊक नव्हती, माझ्याकडे बघून म्हणाला, "नवी फॅशन?" मी हसलो. त्यानं ब्रेड आणि पाते, म्हणजे मांस भरलेले पॅटिस, मागवले होते. मी ते खाल्ले नाहीत. सुतक आहे म्हणालो. गाणं चालत होतं, पाते चालत नव्हते! त्या वेळी मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. उलट मी स्वतःवर खूश होतो, की निदान तेवढं तरी पाळलं.

ड्रम नाहीत, बेस नाही. मग काय करायचं? बेसवाला म्हणाला, मी खालच्या सुरात गातो. ठेका मीच धरायचा ठरलं, गिटारवर, उजव्या हातानं. आणि मी दुसरा कुठून आणणार? दादाचाच धरला: पुढे पाऊल, अर्धं मागे. पण जोरात वाजवायचा धीर होईना. दर फटक्याला वाटे की हे रिव्हिएर दू रांपारला ऐकू जाईल, त्या दिव्याच्या खोलीपर्यंत. म्हणून मी तारांना नुसता स्पर्श करत होतो. माझा हात हलका पडतोय हे ऐकून गाणाऱ्यानंही आवाज खाली आणला, जवळजवळ बोलल्यासारखा. एकदाच घेतलं. स्टुडिओवाला काचेमागे उठून उभा राहिला.

"हे असंच ठेवू," तो म्हणाला. "ड्रम आणूच नका."

ड्रमबद्दल त्या स्टुडिओत बोलला गेलेला हा एकच शब्द. तोही ड्रमची चूक काढणारा नव्हता.

दहाव्याला मी भावकीतल्या इतरांबरोबर डोकं भादरून घेतलं. तेरावं झालं. दादानं स्वतः चादर काढली, घडी घातली. तालमी पुन्हा सुरू झाल्या. रोज ठरवायचो की आज सांगू. दादा मात्र बाकीच्या दोघांना चकित करायचं म्हणून, फक्त मला सांगून, स्टुडिओच्या तयारीला लागलेला. सुरुवातीच्या ड्रममध्ये त्यानं काही तरी नवं घातलं होतं, काकांच्या आठवणीनं, मळ्यातल्या पाण्याच्या पंपासारखं धकधक. मला म्हणाला, "बाबांना आवडलं असतं, नाय? शिव्या दिल्या असत्या, पण आवडलं असतं." मी मान डोलावली.

मग दोनेक महिन्यांनी आला तो रविवार. दुपारी रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम लागायचा. लाकूरमध्ये आंब्याखाली आम्ही बसलो होतो. काकी ब्रेद, म्हणजे पालेभाजी, निवडत होती, ट्रान्झिस्टर तिच्या शेजारी पाटावर. निवेदकानं आमच्या बँडचं नाव घेतलं आणि गिटार सुरू झाली.

काकीच्या हातातली काडी तशीच राहिली. "आगं बाई, हे आपल्या पोरांचं गाणं का?"

दादा ताठ बसला. चेहरा उजळला. त्याचे दोन्ही हात मांडीवर आले. त्याला वाटलं, सुरुवात बदलली असेल, आता येतील ड्रम. पहिलं कडवं संपलं. तो वाट बघत होता. दुसरं संपलं. गाणं संपलं. त्यानं हात मांडीवरून काढून शेजारी ठेवले.

"हे कधी केलंत?" त्यानं विचारलं.

कधी, एवढाच प्रश्न होता. उत्तर दिलं असतं तर ते काकीसमोर द्यावं लागलं असतं. तिच्या नवऱ्याचा दिवा जळत होता तेव्हा, असं. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती, कौतुकानं, कुंकवाशिवायच्या कपाळानं. आणि माझ्या तोंडातून जे आलं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो, पण त्यानं काही फरक पडत नाही.

"मागच्या महिन्यात," मी म्हणालो. "स्टुडिओवाल्यांना मी आपल्या तालमीची कॅसेट दिली होती. म्हणाले, ड्रमचा ठेका डळमळतो. ड्रमशिवाय करा म्हणाले. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

दादानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, डॉक्टरकडे बघतात तसं.

"डळमळतो?"

"तसं ते म्हणाले."

"कुठं? सुरुवातीला?"

"मधे मधे," मी म्हणालो.

मला वाटतं तो आठवून आठवून तपासत होता. मग म्हणाला, "कोरेक. शहरातली माणसं ती. त्यांना कळतं." आणि उठून मला पाठीवर थाप मारली. "गाणं मस्त झालंय रं. एकदम मस्त."

पुढचं इथल्या माझ्या वयाच्या लोकांना ठाऊक आहे. रेडिओवर दर आठवड्याला गाण्यांची उतरंड लागायची. आमचं गाणं खालून कुठून तरी शिरलं आणि वर चढत चढत पहिल्या जागेवर जाऊन बसलं. तिथे ते इतके आठवडे राहिलं की निवेदकच आमची थट्टा करायला लागला, की ही बाई अजून बसची वाटच बघतेय, कुणी तरी तिला टॅक्सी करून द्या. पोर्ट लुईत तबकड्यांच्या दुकानाबाहेर कर्णा होता, त्यातून ते दिवसभर वाजे. बाजारात भाजीवाल्या बायका ते गुणगुणत. आमच्या बसचा ड्रायव्हर मला बघितलं की मुद्दाम दार उघडं ठेवून म्हणे, "उतर बाबा, तिची वाट संपू दे एकदाची!" वडील, ज्यांनी माझ्या गिटारकडे कधी वळून पाहिलं नव्हतं, ते कचेरीत सहकाऱ्यांना म्हणू लागले, हो, आमचाच मुलगा. मी खोटं कशाला बोलू. मला ते सगळं आवडलं. आजही त्या दिवसांची आठवण आली की आधी आनंदच होतो, आणि मग बाकीचं आठवतं.

काकीला ते गाणं फार आवडे. लागलं की आवाज मोठा करायला सांगे. माझं त्या दुपारचं उत्तर विसरून म्हणे, "तुझ्या काकाच्या वेळंचं वाटतं रं हे. ते असताना केलंवतं का?" मी काही तरी पुटपुटायचो. ती गेली तेव्हाही तिला हेच वाटत होतं.

आमंत्रणं आली. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीची गाणी ड्रमवर. पण लोक थांबायचे त्या एका गाण्यासाठी. ते आलं की दादा काटक्या मांडीवर ठेवून गप्प बसायचा. लोकांना वाटे किती छान, ड्रमवालासुद्धा ऐकतोय. मग काही दिवसांनी तो त्या गाण्याला उठून मागे लिंबू-पाणी प्यायला जायला लागला. आणि इतर गाण्यांत... हे सांगणं मला सगळ्यात जड जातं. इतर गाण्यांत त्याचा ठेका खरोखर डळमळायला लागला. तो आता पायांकडे बघत नव्हता. स्वतःच्या हातांकडे बघत होता, चूक सापडते का म्हणून. चालताना आपल्याच पावलांकडे बघणारा माणूस अडखळणारच.

एकदा ब्रीझे वेर्दिएरहून परत येताना, व्हॅनमध्ये, त्यानं सहज सांगितलं, "दुसरा बघा रं कोणी. शहरात पास झालेला."

"येडा का तू?" बेसवाला म्हणाला. "तुझ्याशिवाय हे काय वाजवणार, सायकलची घंटी?"

सगळे हसले. दादाही. मी पुढच्या सीटवर होतो. त्या क्षणी मागे वळून एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, जरा हळू घ्या, पुढे वळण आहे.

त्यानं ड्रम एका शाळेला देऊन टाकले. पुढे बस कंपनीत कंडक्टर म्हणून लागला, मग ड्रायव्हर. बँड आणखी थोडी वर्षं रेटला. दुसरं गाणं तसं झालं नाही, कारण नीट बघाल तर ते पहिलंही माझं एकट्याचं नव्हतं. गाणारा ऑस्ट्रेलियाला गेला. बेसवाल्यानं बापाचं दुकान घेतलं. मी कचेरीत वर चढत गेलो, लग्न केलं, शहरात राहायला आलो. अधूनमधून रेडिओवाले बोलावत. ऐंशी सालाच्या पुढे तर जुनी गाणी म्हणून आमचं कौतुक सुरू झालं. एका मुलाखतीत विचारलं, त्या काळात ड्रमशिवाय गाणं करायचं धाडस तुम्ही कसं केलंत? मी म्हणालो, गाण्याला जे नको ते काढून टाकावं लागतं. ते वाक्य लोकांना आवडलं. दादानंही ते ऐकलं असणार. त्याच्या बसमध्ये रेडिओ असे.

ड्रम सोडले ते एक वेळ चाललं असतं. माणसं तरुणपणी काही करतात, मग सोडतात. पण त्यानं ढोलकीही सोडली. चतुर्थीला झाकरी व्हायची तेव्हा मधे बसायला बाहेरगावचा माणूस आणावा लागू लागला.

असाच एका वर्षी मी चतुर्थीला गावी गेलो होतो. गणपतीपुढे नाच रंगणार, नाचणारे चाळ बांधून उभे, आणि ढोलकीवाला आलाच नाही. बायकांनी, म्हाताऱ्यांनी दादाला घेरलं. माझ्या समोर, हातभर अंतरावर. एका मावशीनं ढोलकी त्याच्या मांडीवरच आणून ठेवली. "घे, नखरे नको करूस. तुझ्या बापाची शपथ."

त्यानं ढोलकीवर हात फिरवला. वाजवली नाही. मग हसला, आपलं ते मोठं हसू, आणि म्हणाला, "नको गं मावशी. माझा ठेका डळमळतो. पार पोर्ट लुईच्या स्टुडिओतून पास होऊन आलेलं आहे ते. विचार ह्याला!"

आणि माझ्याकडे बोट केलं. सगळे माझ्याकडे बघून हसले. विनोद जुना होता. गावाला पाठ होता. तो इतक्या वर्षांत किती घरांत, किती लग्नांत, बसच्या किती फेऱ्यांत त्यानं सांगितला असेल याचा मला पत्ताच नव्हता. माझी चूक झाकायला मी त्याला एक वाक्य दिलं होतं आणि त्या वाक्याचा विनोद करून तो ते जपत आला होता, कुणाला दुखवू नये म्हणून, बहुतेक मलाच.

मीही हसलो. त्या वर्षी झाकरी नुसत्या झांजांवर झाली.

दादा आता निवृत्त आहे. मळ्याचा एक तुकडा त्यानं ठेवलाय, भाजी लावतो. मी गेलो की टोमॅटोची पिशवी भरून देतो. आम्ही मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल, पावसाबद्दल बोलतो. दोनदा मी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा पावसाबद्दल बोललो. हे मी मराठीत लिहितोय, कारण दादा मराठी वाचतो; लहानपणी संध्याकाळच्या वर्गात आम्ही एकाच पाटीवर अक्षरं गिरवली होती. पण हे छापून आलं, त्यानं ते वाचलं, आणि मी दूर शहरात बसून राहिलो, तर तेही पुन्हा चोरून केल्यासारखंच होईल.

तेव्हा मी त्याचं काय देणं लागतो ते सरळ लिहितो. स्टुडिओत त्याच्या ठेक्याबद्दल कुणीही काही बोललं नव्हतं. ते मी बोललो, कारण त्याच्या वडिलांच्या सुतकात मी त्याला फसवून गाणं केलं होतं आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. गाण्यातला ठेका त्याचा आहे. हे सगळं त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांकडे बघून, माझ्या तोंडानं सांगणं, हे मी त्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.